दोन आकडे बदलले की अख्खी स्क्रीन बदलते, ती कशी?

बेळगावच्या रविवार पेठेत ठोक दुकानात बिलाला बसलेल्या माणसाला रोज दोन-तीन राज्यं सांभाळावी लागतात. गिऱ्हाईक खानापूरचं असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो, तो कर्नाटकचा कोड. माल चंदगड-गडहिंग्लजच्या दुकानात जायचा असेल तर २७, महाराष्ट्राचा. गोव्याचा ३०. राज्यातल्या राज्यात १८ टक्क्यांच्या मालावर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी लागतो. राज्याबाहेर तोच कर १८ टक्के आयजीएसटी म्हणून एकाच रकान्यात येतो.

म्हणजे टाइप झाले दोन आकडे, पण स्क्रीनवरचे दोन रकाने जायचे, एक नवा यायचा, बिलातल्या प्रत्येक ओळीचा कर नव्याने बसायचा, खालच्या बेरजा बदलायच्या. हे सगळं प्रोग्रॅमने स्वतः करायचं असतं. नीट लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ते जाणवतही नाही. नाहीतर स्क्रीन थरथरते, कर्सर भलत्याच चौकटीत जातो, आणि समोर गिऱ्हाईक ताटकळतं.

पहिली अडचण चौकटींच्या आपसातल्या गुंत्याची. समजा ९९९ रुपयांच्या वस्तूवर १० टक्के सूट टाइप केली. प्रोग्रॅमने सुटीची रक्कम काढली ९९.९० आणि पूर्ण रुपयात केली १००. आता रकमेची चौकट बदलली, म्हणून तिला जोडलेला प्रोग्रॅमचा तुकडा जागा झाला आणि त्याने उलट टक्का काढला: १०.०१. बसलेल्या माणसाने १० लिहिलं, स्क्रीन दाखवते १०.०१! बदल माणसाने केला की प्रोग्रॅमने, हे त्या चौकटीला आपोआप कळत नाही. दोन्ही वेळी ती सारखाच इशारा देते. म्हणून प्रोग्रॅम स्वतः बदल करत असेल तेवढ्यापुरते हे इशारे बंद ठेवावे लागतात. क्यूटी या स्क्रीन बनवण्याच्या साधनात त्यासाठी ब्लॉकसिग्नल्स नावाची सोयच आहे. शिवाय किंमत तीच असेल तर चौकटीला हातच लावू नये. माणूस टाइप करत असताना तिच्यात पुन्हा मजकूर भरला, तर कर्सर बहुधा उडी मारून सुरुवातीला किंवा शेवटी जातो आणि पुढचा आकडा चुकीच्या जागी पडतो.

दुसरी अडचण रंगवण्याची, आणि मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. विंडोजमध्ये माउसची क्लिक, कीबोर्डची कळ हे सगळं संदेशांच्या रांगेत उभं राहतं आणि प्रोग्रॅमचा मुख्य थ्रेड, म्हणजे कामाचा मुख्य धागा, ते एकेक करून हातावेगळं करतो. स्क्रीनवरचा एखादा भाग बदलला की तो सहसा तिथल्या तिथे रंगवला जात नाही. तेवढा भाग शिळा झाल्याची फक्त नोंद होते. रंगवण्याचा संदेश बाकीचे संदेश संपल्यावरच हाती येतो आणि तोवर साठलेले शिळे भाग एकत्र रंगवले जातात. किराणा दुकानदार प्रत्येक जिनसेनंतर बेरीज मारत नाही, यादी संपली की एकदाच मारतो, तसंच हे.

मग स्क्रीन थरथरते का? कारण रंगवणं थांबलं तरी मांडणी थांबत नाही. एक रकाना लपवला की शेजारचे सरकतात, दुसरा लपवला की पुन्हा सरकतात. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधल्या विंडोज फॉर्म्स या खिडक्या बनवण्याच्या साधनात यासाठी आधी सस्पेंडलेआउट म्हणायचं, सगळे बदल करायचे, मग रिझ्युमलेआउट. लांबलचक यादीसाठी बिगिनअपडेट आणि एंडअपडेट. ही जोडी मोडता कामा नये. मध्येच काही बिनसलं आणि एंडअपडेट राहून गेलं, तर आत आकडे बदलत राहतात, समोर मात्र जुनीच यादी दिसते. म्हणून जोडीतलं दुसरं पाऊल प्रोग्रॅमच्या ‘फायनली’ नावाच्या भागात लिहितात. चूक झाली तरी ते पडतंच.

आणि कितीही झालं तरी मुख्य थ्रेडला जड काम देऊ नये. तो ५ सेकंद रांगेकडे फिरकला नाही, तर विंडोज त्या खिडकीवर ‘नॉट रिस्पाँडिंग’ची पाटी लावतं.

या सगळ्याच्या मुळाशी जाणारा विचार जुना आहे. १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या अमेरिकेतल्या संशोधन केंद्रात नॉर्वेच्या ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही रचना मांडली. खरी माहिती एका जागी, तिचं दर्शन दुसऱ्या जागी. बिलाचं राज्य आणि दर एका ठिकाणी ठेवायचे. चौकटींनी एकमेकींना न विचारता फक्त तिथे बघायचं. मग २७ चं २९ झालं की हिशेब एकदा होतो आणि सगळ्या चौकटी तोच दाखवतात.

आपल्या सीमाभागात याची आणखी एक परीक्षा होते: भाषा. मेनूतून मराठीचं कन्नड केलं की प्रत्येक लेबल एका दमात बदलायला हवं. ‘एकूण रक्कम’च्या जागी ‘ओट्टू मोत्त’ येतं, आणि कन्नडमधली जोडाक्षरं मूळ अक्षराच्या खाली लटकतात. इंग्रजीच्या मापाने उंची ठोकून बसवलेल्या लेबलात नेमका तोच भाग कापला जातो. तिथे उंची मजकुरावरून ठरू द्यावी, आणि ती मोजणी सगळी लेबलं बदलून झाल्यावर एकदाच करावी.