जन्मापासूनचा लंगडा पाय आणि खुबा बदलण्याची भीती

बीड-परभणीकडे पारावर आजही ऐकू येतं: ‘जन्मापासून लंगडणाऱ्याचा खुबा बदलू नये, पाय लुळा पडतो.’

ही भीती अगदीच हवेतली नाही. जन्मतः निसटलेला सांधा वर्षानुवर्षं वर सरकत जातो. 1979 पासून वापरात असलेल्या क्रो वर्गीकरणात (सांधा किती वर सरकला ते ठरवायची पद्धत) याच्या 4 पायऱ्या आहेत. चौथ्या पायरीत मांडीच्या हाडाचा गोळा मूळ वाटीच्या पार वर गेलेला असतो. तो एकदम खाली ओढला, विशेषतः 4 सेंटिमीटरहून जास्त, तर सायटिक नस (खुब्यामागून पायात उतरणारी मोठी नस) ताणली जाऊन पाऊल लुळं पडू शकतं.

म्हणूनच सर्जन नुसता पाय ओढत बसत नाहीत. नवी वाटी मूळ जागी बसवतात आणि मांडीच्या हाडाचा वरच्या भागातला एक तुकडा काढून हाड आखूड करतात. नसेवरचा ताण कमी होतो. या कामाला मागून घेतलेला छेद सोयीचा पडतो: तो मांडीवर खाली वाढवता येतो, नसही नजरेत ठेवता येते. काही जण बाजूने जातात. ‘समोरून, स्नायू न कापता’ ही जाहिरात सौम्य दोषात ठीक. चौथ्या पायरीत मला तरी तो हट्ट वाटतो.

धोका साध्या ऑपरेशनपेक्षा जास्त असतो, हे खरं. थोडं लंगडणंही उरू शकतं. पण ‘बदलताच येत नाही’ हे साफ चूक. सर्जनला विचारायचं ते एवढंच: अशा केसेस तुम्ही नेहमी करता का?