बासचा हंगाम बंद, म्हणजे नेमके काय बंद?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिल लॅक्स तलावावरचा बर्फ साधारण एप्रिलच्या अखेरीस फुटतो, एखाद्या वर्षी मे उजाडतो. तिथून पुढचे सहा-सात आठवडे स्मॉलमाउथ बास या माशासाठी वर्षातले सर्वांत जोखमीचे, आणि त्याला गरवायला येणाऱ्यांसाठी सर्वांत सुगीचे. दोन्हींचे कारण एकच आहे. मासा खोल पाणी सोडून काठाशी येतो आणि गरीला हटकून लागतो. या दिवसांत गरी टाकावी की नाही, हा वाद तिथे जुनाच. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र त्याचा निकाल हळूहळू एका बाजूने लागत गेला, आणि तो लागताना ‘हंगाम’ या शब्दाचा अर्थच बदलून गेला.

आधी नावाबद्दल थोडे. हा बास म्हणजे मुंबईच्या हॉटेलांत फिलेट म्हणून येणारा बासा नव्हे. तो पंगास जातीचा. आपला जिताडाही मेन्यूकार्डावर ‘सी बास’ होतो, पण त्याचाही याच्याशी संबंध नाही. गंमत म्हणजे स्मॉलमाउथ खऱ्या बासांपैकीही नव्हे, तो सनफिश कुळातला. त्याचे शास्त्रीय नाव १८०२ मध्ये फ्रान्समध्ये ठरले, तेही एका फाटक्या नमुन्यावरून. पाठीवरच्या पराचा मागचा भाग तुटून वेगळा दिसत होता. तोच एक छोटा स्वतंत्र पर आहे असे समजून प्रजातीला ‘मायक्रॉप्टेरस’, म्हणजे लहान पराचा, हे नाव दिले गेले. चूक कळली तरी नाव राहिले. नावाचा दुसरा भाग एका भूगर्भशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ आहे; डोलोमाइट हा खडक ज्याच्या नावाने ओळखला जातो, तोच हा.

मूळचा तो ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स, ओहायो आणि वरच्या मिसिसिपीच्या पाण्यातला. तिथून तो पसरला माणसामुळे. १८२५ मध्ये ईरी कालवा सुरू झाला आणि पूर्वेकडची वाट मोकळी झाली. १८५४ मध्ये ओहायो खोऱ्यातले काही मासे रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून पोटोमॅकच्या खोऱ्यात नेऊन सोडले गेले. पुढे सरकारी खर्चाने रेल्वेचे खास डबे भरभरून मासे नेले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेनपासून पश्चिमेकडच्या राज्यांपर्यंत बास पोचला, आणि जिथे तो कधीच नव्हता तिथेही लोक त्याला ‘आमचा मासा’ म्हणू लागले. त्या काळी हंगामाचा अर्थ सरळ होता. मासा खाण्यासाठी पकडायचा, माळेत ओवून घरी न्यायचा. वसंतात तो अंडी घालतो म्हणून तेवढे दिवस थांबायचे आणि जून उलटला की सुरुवात करायची.

हे थांबणे कशासाठी, ते नराकडे पाहिल्यावर कळते. पाणी १५-१६ अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की नर काठाजवळच्या खडीवर शेपटीने झाडून गोल खळगा करतो. मादी येते, अंडी घालते, निघून जाते. पुढचे सगळे नराच्या अंगावर. तो शेपटीने पाणी हलवत राहतो, म्हणजे अंड्यांवर गाळ बसत नाही. अंडी फुटल्यावर काळ्याभोर पिल्लांचा पुंजका खळग्यातून वर येतो आणि नर त्याच्याभोवती फेऱ्या घालतो. हे सगळे धरून तीन-चार आठवडे, थंडी लांबली तर जास्तच. या काळात तो नीट खात नाही. जवळ येईल त्याच्यावर मात्र धावून जातो, मग तो पर्च असो, खेकड्यासारखा क्रेफिश असो, नाहीतर चकाकणारे खोटे आमिष. म्हणजे वसंतात गरीला लागणारा मोठा बास बहुतेक वेळा भुकेला नसतो, घर राखत असतो. उथळ, स्वच्छ पाण्यात तो नावेतून डोळ्यांनी दिसतो. त्याला उचलून बाहेर काढला की मागे खळग्यावर काय होते हेही दिसते, पाहायची इच्छा असेल तर.

इथून शब्दाचा गुंता सुरू होतो. कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ‘बंद’ म्हणजे काय हे कुणाला विचारावे लागत नाही. नावा वर ओढलेल्या असतात. उत्तरेकडच्या तलावांवर मात्र ‘बासचा हंगाम बंद’ या वाक्याचे किमान तीन अर्थ निघतात. पहिला, गरी टाकूच नये. दुसरा, गरी टाकावी पण मुद्दाम बाससाठी टाकू नये. तिसरा, मुद्दाम टाकली तरी चालेल, मासा घरी नेऊ नये.

पहिला अर्थ या तलावांवर प्रत्यक्षात फारसा कधी नव्हताच, कारण त्याच पाण्यात वॉलआय आणि पाइक हे दुसरे मासे असतात आणि त्यांचा हंगाम आधी उघडतो. दुसरा अर्थ राबवणे कठीण. नावेवरच्या माणसाने ‘मी पाइकच्या मागे आहे’ म्हटले की तपासनीस काय करणार? आमिष तेच, काठी तीच. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताने तरीही हा दुसरा अर्थ सोडला नाही: बंद हंगामात त्या जातीच्या मागे जाणे हाच गुन्हा, पकडून सोडला तरी. अमेरिकेच्या उत्तरेकडची राज्ये मात्र एकामागून एक तिसऱ्या अर्थाकडे सरकली. विस्कॉन्सिनच्या उत्तर विभागात जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत स्मॉलमाउथ पकडून लगेच सोडायचा, त्यानंतर ठेवायची मुभा. मिनेसोटात २०१५ मध्ये वॉलआयच्या हंगामाबरोबरच, मेच्या मध्यावर, बासही ‘सोडण्याच्या अटीवर’ खुला झाला. ठेवण्याची परवानगी दोन आठवड्यांनी. मिशिगनने त्याच वर्षी सगळ्यात लांब उडी मारली आणि पकडून-सोडणे वर्षभर खुले केले. यातून सेंट क्लेअर तलावावर विचित्र चित्र तयार झाले. हा तलाव दोन देशांत विभागलेला. मे महिन्यात मिशिगनच्या बाजूला नावांची गर्दी, सगळे कायदेशीर. पाण्यातली अदृश्य रेषा ओलांडली की तेच कृत्य गुन्हा. मासा एकच, खळगाही कदाचित रेषेच्या अलीकडे-पलीकडे हातभर अंतरावर.

राज्यांच्या मत्स्य खात्यांनी या बदलाला ‘संधी वाढवणे’ म्हटले. त्यांच्या बाजूने युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही. एका खळग्यातली पिल्ले गेली म्हणजे तलावातले मासे कमी झाले असे होत नाही. उत्तरेत पिल्लाचे भवितव्य खळग्यापेक्षा उन्हाळा ठरवतो. थंडी सुरू होण्याआधी ते पुरेसे वाढले नाही, अंगात चरबी साठली नाही, तर बर्फाखालच्या लांब उपासात ते मरते. एखाद्या जूनमधले वादळी वारे शेकडो खळगे एका रात्रीत पुसून टाकतात, आणि चांगल्या उन्हाळ्यात थोड्याच खळग्यांतून भरघोस पिढी येते. न्यूयॉर्कच्या ॲडिरोंडॅक डोंगरांतल्या लिटल मूस तलावात तर २००० पासून स्थानिक ट्राउट वाचवण्यासाठी विजेच्या साहाय्याने बास पकडून काढण्याचा सपाटा लावला गेला. मोठे मासे घटले, पण लहान बास उलट वाढले.

तरी या वादात एक गोष्ट सोयीस्करपणे मागे टाकली जाते. नर सोडला तरी तो लगेच खळग्यावर परततोच असे नाही. दमलेला नर उशिरा येतो, काही वेळा येतच नाही. तेवढ्या वेळात लहान मासे अंड्यांवर तुटून पडतात. ईरी तलावात तर १९९० च्या दशकात घुसलेला गोल गोबी हा छोटा मासा याच संधीची वाट पाहत असतो. खळग्यापासून दूर नेऊन, टाकीत ठेवून, वजन करून सोडलेल्या नराची गत आणखी वाईट. स्पर्धांमध्ये नेमके हेच होते. एका मोठ्या स्पर्धा-संस्थेने १९७२ पासून मासे जिवंत सोडण्याची रीत घातली आणि तिचे श्रेय तिला द्यायलाच हवे, कारण त्याआधी वजनकाट्यावरचा मासा सरळ मेलेला असे. पण ती रीत मोठा मासा वाचवण्याची होती. तीच पुढे अंड्यांवरच्या नराला गरी लावण्याचे समर्थन झाली, हे मात्र आपोआप घडलेले नाही. ते कुणीतरी ठरवले.

मिल लॅक्समध्ये या सगळ्याला वेगळीच फोडणी मिळाली. सव्वालाख एकरांहून मोठा आणि जेमतेम ४२ फूट खोल असा हा तलाव मुळात वॉलआयचा. बासकडे तिथले जुने लोक ढुंकूनही पाहत नसत. १८३७ च्या करारात ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी जमीन देताना मासेमारीचा हक्क राखला होता. तो हक्क अजून शाबूत आहे असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. तेव्हापासून वॉलआयचा दरसालचा कोटा राज्य आणि जमाती यांच्यात वाटला जातो. मग वॉलआयची पिल्ले मोठी होईनाशी झाली. पाणी निवळत गेले होते, २००५ मध्ये बाहेरून आलेले झेब्रा शिंपले सापडले, नंतर काटेरी पाणपिसू हा तसाच उपरा, इवलासा जलचर आला. २०१२ मध्ये ५ लाख पौंड असलेला कोटा २०१३ मध्ये अडीच लाखांवर आला, २०१४ मध्ये ६० हजारांवर, २०१५ मध्ये ४० हजारांवर. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीलाच वॉलआय बंद करावा लागला. काठावरच्या रिसॉर्टवाल्यांची पर्यटकांची रांग आटली.

निवळलेल्या पाण्याने वॉलआयचे वाटोळे केले असेल. बासला ते मानवले. जुन्या नियमात मिल लॅक्सवर स्मॉलमाउथ जवळजवळ पूर्ण संरक्षित होता: एकच ठेवता येई, तोही २१ इंचांहून मोठा. इतकी वर्षे न मारल्याने तिथे असा मोठा मासा साठला होता की त्याला तोड नव्हती. उत्तरेच्या थंड पाण्यात बास २० इंच व्हायला दहा वर्षे सहज घेतो. २०१३ मध्ये, वॉलआय मिळत नाही तर लोकांना निदान काहीतरी नेता यावे म्हणून, ही मर्यादा एकावरून थेट सहावर नेली गेली; मोठ्या माशांपुरता थोडा आडोसा ठेवला तेवढाच. ज्या काळजीने ही संपत्ती जमवली होती ती एका सहीने उधळायला काढली, असे बास गरवणाऱ्यांना वाटले. मलाही तसेच वाटते. दहा वर्षांचा मासा म्हणजे शेतातले पीक नव्हे, की एक हंगाम बुडाला तर पुढच्याला भरून काढू.

ओरड झाली, आणि २०१६ मध्ये नियम पुन्हा आवळले गेले. त्याच सप्टेंबरात देशातल्या अव्वल बास स्पर्धकांची वर्षअखेरची लढत मिल लॅक्सवर झाली. विजेत्याने तीन दिवसांत १५ मासे वजनावर घातले, एकूण ७६ पौंडांवर. म्हणजे सरासरी मासा पाच पौंडांहून जास्त. पुढच्या वर्षी एका नामांकित बास नियतकालिकाच्या यादीत हा तलाव देशात पहिला आला. ज्या माशाला काल कुणी विचारत नव्हते त्याच्यासाठी आता दूरच्या राज्यांतून नावा ओढून आणल्या जाऊ लागल्या, त्याही मे-जूनमध्ये. यात एक विसंगती आहे, ती तिथे मोठ्याने कुणी बोलत नाही. वसंतात, वॉलआय अंडी घालत असताना जमातीचे लोक जाळी लावतात म्हणून वर्षानुवर्षे आक्षेप घेणारी मंडळी आहेत. त्यांतल्याच अनेकांना खळग्यावरचा बास गरवण्यात काही वावगे दिसत नाही. एक खाण्यासाठी मासा नेतो, दुसरा फोटो काढून सोडतो. खळग्यावरच्या अंड्यांना हा फरक कळत नाही.

सगळीकडे बास हा लाडका पाहुणाही नाही. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये, सॅमनसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरामिची खोऱ्यात, २००८ मध्ये एका तलावात तो सापडला. कुणीतरी आणून सोडल्याशिवाय तो तिथे येणे शक्य नव्हते. २०२२ मध्ये नदीच्या एका भागात त्याला मारण्यासाठी रोटेनोन हे मत्स्यविष टाकले गेले. तलावात ते टाकण्याचा बेत मात्र विरोधापुढे अडला. तिथे बाससाठी हंगाम हा प्रश्नच नव्हता.

मिनेसोटाने एक नियम मात्र आधीपासून राखला आहे, आणि तो वसंताइतका चर्चेत येत नाही. सप्टेंबरच्या मध्यानंतर स्मॉलमाउथ ठेवता येत नाही, सोडावाच लागतो. कारण पाणी थंडावले की विखुरलेले बास खोल पाण्यातल्या ठरावीक जागी गोळा होतात. एक जागा सापडली की दिवसभर तिथून मासे काढता येतात. शरदात त्यांच्या अंगावर मांसही असते. ईरी तलावातून पकडलेला आणि ग्रेट लेक्समधला दहा पौंडांवरचा पहिला म्हणून ओळखला जाणारा स्मॉलमाउथ २०२२ च्या नोव्हेंबरातला, १०.१५ पौंडांचा. पण तीस-चाळीस फुटांखालून वर ओढलेल्या माशाची वायुपिशवी फुगते. हातातून सोडला तरी तो खाली जाऊ शकत नाही, पोट वर करून पृष्ठभागावर तरंगतो. मग नावेवरचा माणूस बारीक पोकळ सुई काढतो, परामागच्या खवल्याखाली टोचतो आणि हवा निघेपर्यंत मासा पाण्यात धरून बसतो. काही बास त्यानंतर शेपूट मारून खाली जातात. काही थोडे खाली जाऊन पुन्हा वर येतात, आणि नियमाप्रमाणे तेही ‘सोडलेले’ मोजले जातात.