मनोरुग्णालयाच्या अंगणात प्राणी कसे आले

अठराव्या शतकातल्या युरोपात मनोरुग्णांच्या वाट्याला साखळदंड आणि अंधारकोठडी येत असे. १७९० मध्ये इंग्लंडच्या यॉर्कमधल्या मनोरुग्णालयात हॅना मिल्स ही क्वेकर या ख्रिस्ती पंथाची स्त्री दाखल झाली आणि काही आठवड्यांतच दगावली. तिच्या पंथाच्या लोकांना तिला भेटूही दिलं गेलं नव्हतं. त्या मृत्यूने अस्वस्थ झालेल्या विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने पंथबांधवांकडून पैसे उभे केले आणि १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ हे मनोरुग्णालय सुरू केलं. इथे साखळ्या नव्हत्या. अंगणात ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी आणि ससाणे होते. ट्यूकचा नातू सॅम्युअल याने १८१३ मध्ये या संस्थेची हकिगत लिहिली. या प्राण्यांमुळे रुग्णांमधली माणुसकी आणि माया जागी होते, असं त्याचं निरीक्षण होतं. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्याच्याकडे सगळे केवळ ‘सांभाळायचा माणूस’ म्हणून पाहत होते, त्याला इथे कुणालातरी सांभाळता येत होतं.

पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना एखाद्या छोट्या पाळीव प्राण्याची सोबत चांगली, असं लिहून ठेवलं. पण विसाव्या शतकात भर आला तो प्रयोगशाळांवर, जंतूंच्या धास्तीवर आणि औषधांवर. प्राणी वॉर्डातून हद्दपार झाले. अपवाद होते, पण थोडे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या पॉलिंगमध्ये हवाईदलाच्या जवानांना बरं होण्याच्या काळात गोठ्यातली कामं दिली जात. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांची योफी ही कुत्री रुग्णांच्या सत्रांमध्ये खोलीत असायची.

खरी कलाटणी मिळाली ती योगायोगाने. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल, कोशात गेलेला मुलगा ठरल्या वेळेआधीच आला. त्यांचा जिंगल्स हा कुत्रा खोलीतच होता. तो धावत जाऊन मुलाला चाटू लागला आणि मुलगा त्याला बिलगला. कुत्र्याशी जुळलेलं नातं हळूहळू डॉक्टरांपर्यंत पोहोचलं. लेव्हिन्सन यांनी १९६१ मध्ये हा अनुभव सहकाऱ्यांपुढे मांडला, तेव्हा काहींनी त्यांची थट्टा केली. कुत्रा फीमध्ये वाटा मागतो का, असंही विचारलं गेलं. तरी पुढच्याच वर्षी त्यांनी कुत्र्याला ‘सहउपचारक’ म्हणणारा लेख प्रसिद्ध केला.

सत्तरच्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात सॅम्युअल आणि एलिझाबेथ कॉर्सन हे दांपत्य कुत्र्यांवर वर्तनाचे प्रयोग करत होतं. जवळच्या वॉर्डातल्या रुग्णांनी भुंकणं ऐकून कुत्र्यांना भेटायची इच्छा दाखवली आणि तिथून त्यांचं संशोधन प्राण्यांच्या सोबतीने होणाऱ्या उपचारांकडे वळलं.

त्यानंतर या उपचारांचा पसारा वाढला, गोंधळही वाढला. उपचारसत्रात तज्ज्ञाबरोबर काम करणारा प्राणी, विशिष्ट कामासाठी शिकवलेला मदतनीस कुत्रा आणि घरातला भावनिक आधाराचा प्राणी, हे तीन वेगळे प्रकार आहेत. अमेरिकेत विमानप्रवासात या सीमारेषा इतक्या पुसट झाल्या, की २०२१ पासून विमान कंपन्यांवर भावनिक आधाराच्या प्राण्यांना मदतनीस कुत्र्याचा दर्जा देण्याचं बंधन राहिलं नाही.

संशोधनाची अडचण मात्र जुनीच आहे. समोर कुत्रा आहे की नाही, हे रुग्णापासून लपवता येत नाही, त्यामुळे गुण कुत्र्यामुळे आला की केवळ रुग्णाच्या अपेक्षेमुळे, हे वेगळं काढणं अवघड जातं. शिवाय बरेच अभ्यास मोजक्या माणसांवर झालेले आहेत. त्यामुळे ही पद्धत औषधं आणि समुपदेशन यांच्या जोडीनेच वापरणं मला योग्य वाटतं. आणि थकलेल्या किंवा घाबरलेल्या प्राण्याला सत्रातून बाहेर नेणं, ही उपचारकाचीच जबाबदारी आहे.