पोटातील नळीमुळे तोंडाने खाणे कायमचे बंद होते का?

‘पोटात नळी बसवली की मूल पुन्हा कधीच तोंडाने जेवत नाही’ हा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो, आणि संमतीपत्रावर सही करताना आईवडिलांचा हात नेमका त्याच भीतीने थबकतो. प्रत्यक्षात, तोंडाने पुरेसे खाता न येणाऱ्या मुलाला पोषण देण्यासाठी बसवलेली ही नळी पोटाच्या त्वचेतून थेट जठरात जाते. तोंड, जीभ, घसा यांना तिचा स्पर्शही होत नाही. त्यामुळे गिळणे सुरक्षित असेल, तर नळीने पोषण चालू असतानाही मूल चमचाभर मऊ पदार्थ चाखू शकते. घास श्वासनलिकेत जातो का, हे क्ष-किरणांखाली केलेल्या गिळण्याच्या चाचणीत पडद्यावर दिसते. ते डॉक्टरांकडून समजून घ्यावे. काही मुलांना नळी दीर्घकाळ लागते, पण त्याचे कारण मूळ आजार असतो. गरज संपल्यावर ती काढतात, छिद्र बहुधा आपोआप भरते, आणि न भरल्यास छोट्या शस्त्रक्रियेने बंद करता येते.