पत्रा जाडीवर नाही, लेपावर आणि भोकांवर टिकतो

बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटी भागात मे महिना लागला की सगळ्यांच्या माना वर, कुठलं कौल सरकलंय, कुठला पत्रा गळतोय, मिरग लागायच्या आत काय ते करून घ्यायचं. आमच्याकडं पाच वर्षांपूर्वी जुनी कौलं उतरवून पत्रे घातले आणि गेल्या पावसात स्वयंपाकघरात गळाय लागलं. वर चढून बघितलं तर पत्रा मधे चांगला चकचकीत, पण जवळजवळ प्रत्येक स्क्रूभोवती तांबूस गोल. पाच वर्षांत असं कसं काय होतं हे मला समजून घ्यायचंच होतं, कारण पत्रे बदलायचे म्हणजे आमच्यासारख्या घरातली वर्षाची बचत जाते, आणि दुकानात गेल्यावर आपण विचारतो काय तर फक्त "जाडी किती?"

जाडी वाऱ्यासाठी आणि वरून माणूस चालला तर पत्रा दबू नये यासाठी लागते. पण गंजापासून पत्र्याला वाचवतो तो वरचा लेप. साध्या जीआय पत्र्यावर जस्ताचा लेप असतो. लोखंडावर जस्त चढवायच्या पद्धतीचं पेटंट फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या इंजिनिअरनं 1837 साली घेतलं, त्याच्या आधी 1829 मध्ये लंडनच्या हेन्री पामरनं नालीदार पत्र्याचं पेटंट घेतलं होतं, आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून पत्रा जगभर पसरला. जस्त नुसतं झाकण नाही. ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं आणि त्यावर पाणी आलं तर तिथं छोटी बॅटरी तयार होते, त्यात जस्त आधी झिजतं आणि शेजारचं लोखंड वाचतं. म्हणजे जस्त जोवर शिल्लक तोवर पत्रा शाबूत.

आता ते किती असतं बघा. पत्र्यावर 120 असा आकडा असेल तर एका चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम जस्त, म्हणजे एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). 275 असेल तर 19 मायक्रॉन. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल. जस्त दरवर्षी जवळपास सारखंच झिजतं, त्यामुळं दुप्पट लेप म्हणजे साधारण दुप्पट आयुष्य. म्हणून दुकानात जाडीच्या आधी लेप किती ग्रॅमचा हे विचारायचं, आणि जाडी सांगितली तर ती नुसत्या लोखंडाची की लेप-रंग धरून हेही विचारायचं, कारण 0.50 मिलिमीटरच्या नावाखाली आतलं लोखंड 0.45 च निघू शकतं.

हल्ली बरेच जण गॅल्व्हल्यूम घालतात. त्याच्या लेपात वजनानं 55 टक्के अ‍ॅल्युमिनियम, साधारण 43 टक्के जस्त आणि थोडं सिलिकॉन असतं. उघड्या छपरावर तो जीआयपेक्षा बराच जास्त टिकतो, फक्त कापलेल्या कडेला त्याचं रक्षण जस्तापेक्षा कमी पडतं. आणि दोन ठिकाणी तो जपून वापरावा. एक, ओल्या सिमेंटला लागून, भिंतीच्या सांध्यात गवंडी थेट सिमेंट भरतात तिथं अ‍ॅल्युमिनियम खराब होतं. दुसरं म्हणजे म्हशींचा गोठा, शेण-मुताच्या अमोनियानं खालून लेप खाल्ला जातो. आमच्या गावात घराला लागूनच गोठा असतो आणि दोन्हीवर एकच पत्रा पुढं ओढलेला असतो, तिथं हे आधी विचारात घ्यावं.

आमच्या तांबूस गोलांचं कारण मात्र लेपात नव्हतंच. मिस्त्रींनी वर बसूनच ग्राइंडरनं पत्रे कापले, ड्रिलनं भोकं पाडली, आणि तो लोखंडाचा बुरा झाडला नाही. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण, तो लेप जाळून आत रुतून बसतो, पहिल्या पावसात गंजतो आणि बाजूचा लेपही खराब करतो. पत्रा कात्रीनं कापावा, आणि काम झालं की त्याच संध्याकाळी मऊ झाडूनं छप्पर झाडून घ्यावं, एवढ्यानंच फार फरक पडतो. शिवाय आमचे स्क्रू इतके आवळले होते की खालचे रबरी वॉशर चेपून बाहेर आले होते. रबर चेपलं की फाटतं, आणि पाणी सरळ भोकातून आत.

भोकांना अजून एक त्रास असतो तो उन्हाचा. लोखंड तापलं की लांब होतं. 20 फुटी पत्रा 40 अंशांनी तापला तर साधारण 3 मिलिमीटर वाढतो, आणि संध्याकाळी परत आखडतो, तो जो टक टक आवाज येतो ना तो हाच. रोज ही ओढाताण त्या स्क्रूच्या भोकावर येते, भोक हळूहळू मोठं होतं, म्हणून दर दोनतीन वर्षांनी एकदा वॉशर बघणं गरजेचं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वळवाच्या वाऱ्याची. मंगलोरी कौलांचं ओझं चौरस मीटरला 40 किलोच्या आसपास, भिजल्यावर अजून जास्त, त्यामुळं कौलं स्वतःच्या वजनानं बसून राहतात. अर्धा मिलिमीटरचा पत्रा साडेचार किलोच्या आसपास. ताशी 100 किलोमीटरचा वारा चौरस मीटरला 45 किलोपेक्षा जास्त दाब टाकू शकतो, आणि छपरावरून वारा जाताना तो वरच्या बाजूला ओढतो, वळचणीला आणि आढ्याजवळ सगळ्यात जास्त. त्यात दार उघडं असेल तर आतूनही ढकलतो. कौलांच्या जुन्या वाशांवर तसेच पत्रे ठोकले की खिळे उपटून निघतात ते यामुळंच. वासे आणि भिंत पट्टीनं बांधून घ्यावी, कडेच्या ओळीला स्क्रू दाट घालावेत, आणि पत्रे पूर्वेकडून घालायला सुरुवात करावी म्हणजे पश्चिमेच्या पावसाच्या वाऱ्याला जोड उघडी मिळत नाही.

उतरवायचे पत्रे सिमेंटचे असतील तर मात्र थांबा. जुन्या सिमेंट पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, फोडताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि फुप्फुसात गेले तर वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. पाणी मारून, मास्क लावून, अख्खेच उतरवावेत. तुकडे करून अंगणात नाहीतर वाटेवर भराव घालू नये, आणि पोरांना त्या दिवशी मामाच्या गावाला पाठवावं.

आम्ही यंदा सगळं छप्पर नाही बदललं. स्वयंपाकघरावरचे चारच पत्रे नवे, 275 चे, बाकीच्यांचे स्क्रू एकेक काढून, गंज घासून, जस्ताचा रंग लावून नवीन जाड स्क्रू आणि वॉशर. दोन दिवस लागले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी शेवटच्या ओळीपर्यंत झाडू मारला.