डोळ्यांच्या प्रेशरचा २१ हा आकडा आला कुठून

डोळ्यांचं प्रेशर (डोळ्याच्या आतला दाब, mmHg मधे) २३ आलं की लोक लगेच काचबिंदू (डोळ्याची नस हळूहळू खराब करणारा आजार) शोधायला लागतात, कारण २१ पर्यंत नॉर्मल असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हा २१ कुणी आणि कसा ठरवला ते फारसं कुणी सांगत नाही.

जुनं थोडक्यात सांगतो. आधी डॉक्टर बंद पापणीवरून बोटांनी डोळा दाबून किती कडक लागतो ते बघायचे. १८५१ मधे ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळ्याच्या आत बघायचं यंत्र) आला आणि मागची नस दिसायला लागली, १८७० च्या दशकात प्रेशर कमी करणारे पिलोकार्पिनचे ड्रॉप्स आले, १९०५ मधे हातात धरायचं टोनोमीटर (प्रेशर मोजायचं यंत्र) आलं आणि कडकपणा आकड्यात मोजता यायला लागला. १९५० च्या दशकात अ‍ॅप्लनेशन टोनोमीटर (बुबुळाचा पुढचा पडदा किंचित सपाट करून प्रेशर मोजणारं) आलं, ते आजही दवाखान्यात स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपवर, बसवलेलं असतं.

खरा घोळ १९५८ चा. जर्मनीत सुमारे १०,००० निरोगी लोकांचं प्रेशर मोजलं गेलं, सरासरी साडेपंधराच्या आसपास आली, त्यात दोन स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) मिळवले की साधारण २१ येतात, बस, झाली लिमिट. म्हणजे त्यापुढे नस खराब होते असं कुणाला दिसलं होतं म्हणून तो आकडा आला नाही, बहुतेक निरोगी लोक त्याच्या खाली असतात एवढाच त्याचा अर्थ होता. पण आकडा सुटसुटीत होता, लक्षात राहायला सोपा, मग तो पुस्तकांत गेला, मशीनच्या प्रिंटआउटवर गेला आणि आजारच २१ ला सुरू होतो असं मानलं जायला लागलं. पुढच्या सर्व्हेंमधे मात्र उलटंच दिसत गेलं, २१ च्या वर असलेल्या बहुतेकांना काचबिंदू नव्हता आणि काचबिंदू असलेल्या बऱ्याच जणांचं प्रेशर २१ च्या आत होतं.

मग नुसतं प्रेशर जास्त पण नस आणि फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी) ठीक, अशा माणसाला औषध द्यायचं की नाही यावर कित्येक वर्षं वाद चालला. त्यावेळी हा प्रश्न छोटा नव्हता, कारण पिलोकार्पिन दिवसातून चार वेळा घालायचं, त्याने नजर धूसर व्हायची, कपाळ दुखायचं, प्रेशर कमी करायची गोळी घेतली तर हातापायाला मुंग्या. १९७८ मधे टिमोलॉल आणि १९९६ मधे लॅटॅनोप्रॉस्ट हे नवे ड्रॉप्स आले, लॅटॅनोप्रॉस्ट तर रात्री एकच थेंब, त्यामुळे औषध लिहून देणं फारच सोपं झालं (माझ्या मते जरा जास्तच सोपं).

उत्तर मिळालं २००२ मधे. अमेरिकेतल्या एका ट्रायलमधे प्रेशर २४ ते ३२ असलेले १,६३६ लोक घेतले, अर्ध्यांना ड्रॉप्स, अर्ध्यांवर फक्त लक्ष. ५ वर्षांनी काचबिंदू झाला तो ड्रॉप्सवाल्यांत ४.४ टक्के आणि बाकीच्यांत ९.५ टक्के. औषधाने धोका निम्म्यावर येतो हे खरंच, पण औषध न घेतलेल्या १० पैकी ९ जणांना त्या ५ वर्षांत काही झालं नाही हेही त्याच आकड्यात आहे आणि ते कमी बोललं जातं. अर्थात २० वर्षांनी बघितलं तेव्हा यातल्या जवळपास ४६ टक्के लोकांना निदान एका डोळ्यात काचबिंदू झालेला होता, म्हणून तपासणी सोडून चालत नाही.

याच ट्रायलमुळे कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी चर्चेत आली. कॉर्निया जाड असेल तर मशीन प्रेशर जास्त दाखवतं, पातळ असेल तर कमी, आणि पातळवाल्यांना धोकाही जास्त निघाला. लेसिक (चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन, त्यात कॉर्निया पातळ होतो) केलेल्यांनी हे आवर्जून डॉक्टरांना सांगावं, कारण त्यांचा आकडा फसवा कमी येतो.

तरी २१ काही गेला नाही. ब्रिटनमधे २००९ च्या सूचनांमधे तोच आकडा राहिला आणि चष्म्याच्या दुकानांतून डोळ्यांच्या हॉस्पिटलकडे पाठवलेल्यांची इतकी गर्दी झाली की शेवटी २०१७ मधे मर्यादा २४ वर नेली. मला हा बदल उशिराच झाला असं वाटतं.

सध्याचा वाद ड्रॉप्स की लेसर असा आहे. २०१९ मधे आलेल्या ट्रायलमधे सुरुवातीलाच एसएलटी लेसर (डोळ्यातलं पाणी बाहेर जायच्या जाळीवर लेसर मारून प्रेशर कमी करणं) केलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश लोकांना ३ वर्षं ड्रॉप्सशिवाय चाललं, त्यामुळे आता काही ठिकाणी पहिला पर्याय म्हणून लेसरच सुचवतात. त्याचा परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो, मग पुन्हा करता येतं, आणि प्रेशर मोजत राहणं दोन्हीकडे सारखंच.