पाणी जातंय कुठं? गॅस्केट उडालंय की हेडला क्रॅक गेलाय

गाडीखाली एक थेंब नाही, होज पाइप सगळे कोरडे, तरी दर चार दिवसांनी कूलंटची टाकी अर्धी झालेली दिसते. मग पहिला संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाखालच्या (हेडखालच्या) सीलवर जातो आणि बऱ्याचदा तो बरोबरही असतो, पण नुसत्या संशयावर हेड खोलायला घेऊ नका, एवढं मला कळकळीनं सांगायचंय. हेड उतरवायचं म्हणजे टायमिंग (बेल्ट किंवा चेन), मॅनिफोल्ड (हवा आत आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या), अर्धं इंजिन सोडवावं लागतं, आणि त्याआधीच्या टेस्टना मात्र फारसा वेळ लागत नाही.

गॅस्केट असतं ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा खालचा भाग) आणि हेडच्या मधे, हल्ली बहुतेक इंजिनांत पातळ स्टीलच्या पत्र्यांचे थर असतात. जळता गॅस, पाणी (म्हणजे कूलंट) आणि ऑइल या तिघांना एकमेकांत मिसळू द्यायचं नाही हे त्याचं काम. पेट्रोल इंजिनात फुल लोडला सिलिंडरमधला दाब ५० बारच्याही वर जातो आणि शेजारून फिरणाऱ्या पाण्याचा दाब असतो साधारण १ बार, त्यामुळे मधे जरा जरी फट पडली की गॅस पाण्यात घुसतो, आणि गाडी बंद केली की उलटं होतं, सिलिंडरमधला दाब गेलेला असतो पण पाण्यातला दाब अजून शिल्लक असतो, मग पाणी हळूहळू सिलिंडरमध्ये झिरपतं. म्हणून तर सकाळी स्टार्ट केल्यावर इंजिन थोडा वेळ मिसिंग मारतं (अडखळत चालतं), सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि मग सगळं ठीक वाटायला लागतं. थंडीत सकाळी येणारी, गोडसर वास नसलेली वाफ वेगळी, ती गाडी गरम झाली की थांबते.

मला सगळ्यात आवडणारी टेस्ट फुकटची आहे. रात्री इंजिन पूर्ण गार झाल्यावर (गरम असताना कधीच नाही, उकळतं पाणी अंगावर उडतं) रेडिएटरची कॅप उघडून दाब सोडायचा, परत बंद करायची, सकाळी स्टार्ट करून वरचा होज पाइप हातानं दाबून बघायचा. एक-दोन मिनिटांत पाइप अजून गारच आहे पण टणक झालाय, तर तो दाब उष्णतेनं आलेला नाही, सिलिंडरमधून आलाय.

खात्रीसाठी निळ्या लिक्विडची टेस्ट. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लू असतं, रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून पाण्यावरची हवा त्यातून ओढायची, हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर ते आम्ल होतं आणि निळा रंग आधी हिरवट, मग पिवळा पडतो. पिवळा झाला की दहनाचा गॅस पाण्यात येतोय हे पक्कं. फक्त कूलंट नळीत ओढला जाऊ देऊ नका, लिक्विड वाया जातं. डिझेल इंजिन आयडलवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) असताना त्याच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड मुळातच कमी असतो, तिथं रंग बदलला नाही म्हणून गॅस्केट चांगलं असं धरून चालू नका.

ऑइल कॅपखाली दुधाळ फेस दिसला की लोक लगेच घाबरतात. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत नुसत्या ओलाव्यानंही तो जमतो, डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल पण दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका, पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं. आणि तेव्हाही ऑइल कूलर (कूलंटनं ऑइल गार करणारा भाग) फुटलाय का ते आधी बघा.

कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजणं) शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले तर गॅस्केट बहुतेक त्यांच्या मधेच जळालंय. एकच कमी असेल तर त्यात हवा भरून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का बघायचं.

आता क्रॅक. बाहेरून लक्षणं अगदी गॅस्केटसारखीच, आणि इथंच खूप जण फसतात, नवीन गॅस्केट टाकून महिन्याभरात परत तेच. ॲल्युमिनियम गरम झाल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ४० सेंटीमीटरचं हेड ८० डिग्रीनं तापलं तर पाऊण मिलीमीटरच्या आसपास लांबतं आणि लोखंडी ब्लॉक त्याच्या निम्माच, म्हणून एकदा गाडी जोरात तापली की हेड वाकतं किंवा दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतात त्या कडांच्या) मधल्या अरुंद जागेत चिरतं. हेड उतरवलंच असेल तर स्ट्रेटएज (अचूक सरळ पट्टी) आणि फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) सपाटी बघा, ०.१ मिलीमीटरचा फरकही बऱ्याच इंजिनांना चालत नाही, आणि फेसिंगला (हेडची खालची बाजू घासून सपाट करायला) देण्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्या. पाण्याच्या वाटा प्लेटनं बंद करून आत हवा भरतात आणि हेड पाण्यात बुडवतात. हे पाणी गरमच असायला हवं, कारण काही चिरा धातू फुगल्यावरच उघडतात, आणि गार पाण्यात एकही बुडबुडा न सोडणारं हेड गरम पाण्यात सीटच्या कडेनं बारीक बुडबुड्यांची रांग सोडायला लागतं.